तारा १९ सेकंद गायब होण्याची शक्यता २९ टक्के: त्यासाठी रात्र जागायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेपच्यूनपलीकडचा, अंदाजे ४५० किलोमीटर व्यासाचा एक पिंड १३.९ प्रतीच्या (प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा फिकट) ताऱ्यासमोरून जाणार आहे. तारा जास्तीत जास्त १९ सेकंद झाकला जाईल. तुमची जागा भाकितातल्या मध्यरेषेपासून ३०० किलोमीटर दूर, म्हणजे सावलीच्या पट्ट्याबाहेर आहे, आणि सॉफ्टवेअर शक्यता दाखवतंय २९ टक्के. हाताशी आठ इंची दुर्बीण, सीमॉस कॅमेरा आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणारा लॅपटॉप. पिंड तर तुमच्या दुर्बिणीतून दिसणारही नाही. मग एकट्यानं, तेही पट्ट्याबाहेर बसून, रात्र घालवण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त तुम्ही काळजी करताय ती दुर्बिणीची आणि जागेची, आणि त्या दोन्ही ठीक आहेत. मला खटकला तो लॅपटॉप. त्याच्याकडे येतोच, पण आधी नेमकं काय मोजायचंय ते बघू, म्हणजे घड्याळावर मी एवढा का अडून बसतो ते कळेल.

पिधानाच्या वेळी, म्हणजे पिंड ताऱ्याला झाकतो तेव्हा, आपण पिंड बघत नसतो, ताऱ्याच्या उजेडात पडलेली त्याची सावली मोजत असतो. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे चंद्रग्रहणातल्या पृथ्वीच्या सावलीसारखी ही सावली निमुळती होत जात नाही. पिंड ४५० किलोमीटरचा, तर सावलीही ४५० किलोमीटरची. सूर्यापासून ४० खगोलीय एककांवरचा (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) असा पिंड आकाशात विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या, जेमतेम दीड शतांश भागाएवढा दिसतो. हबल दुर्बिणीलाही तो ठिपकाच. पण त्याची सावली तुमच्या अंगावरून जाते तेव्हा ती खरीखुरी किलोमीटरमध्ये मोजता येते.

ही सावली सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगानं सरकते. यात पिंडाचं कर्तृत्व थोडंच. तो सेकंदाला पाचेक किलोमीटर चालतो, पृथ्वी तीस. प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि पिंड यांच्या मधे असते त्या काळाच्या, आसपास पृथ्वी त्याला मागे टाकत असते, म्हणून तो वक्री दिसतो, आणि दोघांच्या वेगातला फरक हाच सावलीचा वेग. तुमचं ४५० भागिले २४ केलं की १९ सेकंद येतात, ते असे. पिंड स्तंभी, म्हणजे आकाशात थांबल्यासारखा, असण्याच्या दिवसांत पिधान आलं तर हाच वेग बराच कमी होतो आणि तारा जास्त वेळ झाकलेला राहतो.

तेव्हा घड्याळातला एक सेकंद म्हणजे तिथले २४ किलोमीटर. हे मी कॅमेऱ्याच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करनं लिहून ठेवलंय, कारण रात्री दोन वाजता, बोटं गारठलेली असताना, माणूस "अर्ध्या सेकंदानं काय होतंय" असं म्हणायला लागतो. अर्ध्या सेकंदानं बारा किलोमीटर होतात.

आता शक्यतेचं गणित. "मी पट्ट्याबाहेर आहे" हे वाक्य नवीन निरीक्षकाला फार लवकर नाउमेद करतं. नकाशावर सावलीचा पट्टा ठळक रेषांनी काढलेला असतो, त्यामुळे तो रस्त्यासारखा पक्का वाटतो. तो पक्का नसतो. ४० एककांवर एक विकला म्हणजे २९,००० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त. भाकितात विकलेच्या १७ हजारांश भागाची चूक असली की पट्टा ५०० किलोमीटर सरकलाच. आणि तुमच्या पिंडाची अनिश्चितता साधारण तेवढीच असावी, कारण तेवढी धरली की ३०० किलोमीटरवर बरोबर २९ टक्के येतात. याच हिशेबानं ऐन मध्यरेषेवर बसलेल्याची शक्यता किती माहीत आहे? ३५ टक्के. म्हणजे गाडी काढून ३०० किलोमीटर तुडवून तुम्ही मिळवणार काय, तर सहा टक्के. त्यापेक्षा तेवढाच प्रवास निरभ्र आकाशाच्या दिशेनं करा. अनिश्चितता पिंडापेक्षा मोठी असते तोवर मी हवामान बघून जागा ठरवतो, मध्यरेषा बघून नाही. शेवटच्या आठवड्यात कुणी मोठ्या दुर्बिणीतून पिंडाची ताजी स्थानं घेतली आणि अनिश्चितता ५० किलोमीटरवर आली, तर मात्र चित्र पालटतं. तेव्हा आत-बाहेर याला अर्थ येतो आणि जागा बदलण्यालाही. म्हणून भाकीत एकदा बघून ठेवून देऊ नका. आदल्या दिवशी, आणि त्या संध्याकाळीही, पुन्हा तपासा.

ही अनिश्चितता येते कुठून, हेही सांगतो. ताऱ्याकडून हल्ली फारशी येत नाही. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया यानाच्या एप्रिल २०१८ मधल्या दुसऱ्या माहितीसंचात १३० कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थानं आणि निजगती (आकाशात त्यांचं स्वतःचं सरकणं) मिळाल्या, आणि आमच्या कामाची तऱ्हाच बदलली. त्याआधी ताऱ्याच्या जागेतच विकलेच्या दशांशाची चूक निघायची, म्हणजे सावली जवळजवळ तीन हजार किलोमीटर इकडे किंवा तिकडे. आता दुखणं उरलंय ते पिंडाच्या कक्षेचं. ४० एककांवरच्या पिंडाला सूर्याभोवती एक फेरी घालायला अडीचशे वर्षं लागतात आणि बहुतेकांना आपण ओळखतो ते फार तर पंचवीस-तीस वर्षं. कक्षेचा एवढासा तुकडा बघून पुढचं सांगायचं असतं. एक अपवाद लक्षात ठेवा: ताराच जोडतारा असेल, तर गायाच्या स्थानातही गडबड असू शकते. यादीत ताऱ्याचा आरयूडब्ल्यूई नावाचा आकडा मिळतो. तो १.४ च्या बराच वर असेल तर भाकिताकडे जरा संशयानं बघा.

आता लॅपटॉप. साध्या लॅपटॉपचं घड्याळ दिवसभरात सहज सेकंदभर सरकू शकतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते दुरुस्त करते तिच्या सवडीनं. त्यात कॅमेऱ्याचा आणखी एक घोळ. फ्रेमवर जी वेळ छापली जाते ती बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्रेम संगणकापर्यंत पोचल्याची असते, प्रकाश पडल्याची नाही. वाचन, यूएसबीचा रस्ता, सॉफ्टवेअरचा बफर, सगळ्यात थोडा थोडा वेळ जातो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. शिवाय छापलेली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची, मधली की शेवटची? अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवात आणि मध्य यांतच सहा किलोमीटर आहेत.

माझ्यावर हे एकदा चांगलंच शेकलंय. पिधान झालं, तारा स्पष्ट गेला, स्पष्ट परत आला, मी खूश. सकाळी फाइल उघडली तर मधेच एका फ्रेमची वेळ तिच्या आधीच्या फ्रेमच्याही मागची. नोंद चालू असताना संगणकानं गुपचूप इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली होती. किती वाजता याचं उत्तर गेलं ते गेलंच. फ्रेमची संख्या मोजून तारा किती वेळ झाकला होता ते मात्र काढता आलं, म्हणजे सावलीच्या त्या छेदाची लांबी वाचली. पण तो छेद पिंडावर नेमका कुठे बसवायचा हे कायमचं हरवलं. तुमची नोंद इतरांच्या नोंदींशी जुळवायची तर ही दुसरी गोष्टच लागते.

उपाय तीन आहेत. सगळ्यात चांगला म्हणजे जीपीएस आत बसवलेला कॅमेरा, क्यूएचवाय १७४ जीपीएससारखा, जो एक्स्पोजर कधी सुरू झालं ते स्वतःच नोंदवतो. तो नसेल तर दुसरा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात कशावरही विश्वास ठेवावा लागत नाही. एक साधं जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला अचूक ठोका देतं. त्या ठोक्यावर एक बारीक एलईडी पेटवायचा आणि चार-पाच सेकंद पेटताच ठेवायचा. तो दुर्बिणीच्या तोंडाशी धरला की सगळी फ्रेम उजळते. समजा पहिली उजळलेली फ्रेम पुढच्या पूर्ण उजळलेल्या फ्रेमच्या ४० टक्केच उजळ आहे. म्हणजे त्या फ्रेमच्या शेवटच्या ४० टक्के वेळातच एलईडी चालू होता. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं असेल तर ती फ्रेम ठोक्यानंतर ०.२ सेकंदानं संपली. झालं, फ्रेम घड्याळाला बांधली गेली. पिधानाच्या काही मिनिटं आधी एकदा आणि नंतर एकदा असं केलं की मधल्या सगळ्या फ्रेमची वेळ काढता येते, मग लॅपटॉप काहीही म्हणो. तिसरा उपाय म्हणजे इंटरनेटवरून वेळ सतत जुळवत राहणारं चांगलं एनटीपी सॉफ्टवेअर घालून ते काही तास आधीपासून चालू ठेवणं. हातात दुसरं काही नसेल तर हेच करा, पण कॅमेऱ्याचा उशीर त्यानं सुटत नाही. तो एलईडीनं एकदा मोजून ठेवावाच लागतो.

दुर्बिणीबद्दल फार लिहीत नाही. आठ इंच, १३.९ प्रत आणि १९ सेकंद हे गणित आरामात जमतं. फिल्टर काढा, असल्यास फोकल रिड्युसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) लावा, दोन बाय दोन बिनिंग (चार पिक्सेल एकत्र मोजणं) करून बघा. एक्स्पोजर ०.३ ते ०.५ सेकंदापासून सुरू करा. किती ठेवायचं हे चंद्र, उंची आणि धूसरपणा यांवर अवलंबून आहे, म्हणून मी आकडा ठासून सांगणार नाही. कसोटी एकच: एकेकट्या फ्रेममध्ये तारा शंका न येता दिसला पाहिजे, कारण एका फ्रेममध्ये तो नाहीसा झाला तर ते तुम्हाला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी एक्स्पोजर वाढवावं लागलं तर वाढवा. एका सेकंदाच्या एक्स्पोजरनंही १९ सेकंदांच्या पिधानाला १९ फ्रेम मिळतात. मात्र सावलीची कड तुम्हाला चाटून गेली आणि तारा दोनच सेकंद झाकला गेला, तर लहान एक्स्पोजरची किंमत कळते. फाइल दाबून लहान करणारा व्हिडिओ प्रकार टाळा. एसइआर किंवा फिट्स या न दाबलेल्या फाइल प्रकारांत, आठ बिटांपेक्षा जास्त खोलीनं नोंदवा.

चौकटीत मात्र हात आखडता घेऊ नका. पिधानाच्या ताऱ्याबरोबर निदान एक, शक्यतो दोन-तीन शेजारी तारे हवेत. माझ्या पहिल्या यशस्वी पिधानाची आठवण सांगतो. पडद्यावर तो फिकट ठिपका थरथरत होता, आणि एका फ्रेममध्ये तो नव्हताच. हळूहळू मंदावला वगैरे काही नाही. आधी होता, मग नव्हता. माझा पहिला विचार: ढग आला. दुसरा: लेन्सवर दव धरलं. तेवढ्यात नजर शेजारच्या ताऱ्याकडे गेली; तो तसाच, जागच्या जागी लुकलुकत होता. ढगाला एवढं नेम धरून एकच तारा झाकता येत नाही. मी श्वास धरून आकडे मोजत होतो, आणि बाराव्याला तारा परत आला, तसाच एका फटक्यात. त्या शेजाऱ्याशिवाय ती नोंद मलाच पटली नसती, दुसऱ्याला काय पटणार.

ग्रहणात आपण स्पर्श आणि मोक्ष म्हणतो, त्याच या दोन घडी. फरक इतकाच की मधे खंडग्रास अवस्था नसते. ४० एककांवर विवर्तनामुळे सावलीची कड साधारण सव्वा किलोमीटर पुसट होते, आणि २४ किलोमीटरच्या वेगात ते सेकंदाच्या विसाव्या भागात निघून जातं. तुमच्या एक्स्पोजरमध्ये ते दिसणारच नाही. तारा खरोखर हळूहळू मंदावताना दिसला तर मात्र जागे व्हा. तो वातावरणाचा पुरावा असू शकतो. जून १९८८ मध्ये प्लूटोनं एक तारा झाकला तेव्हा तारा असाच टप्प्याटप्प्यानं विझत गेला आणि प्लूटोला विरळ वातावरण आहे हे पक्कं झालं. उलट एप्रिल २०११ मध्ये माकेमाके या नेपच्यूनपलीकडच्या बटुग्रहाच्या पिधानात तारा झटक्यात गेला, झटक्यात आला, आणि प्लूटोसारखं वातावरण तिथे नाही हे कळलं. पायरी-पायरीनं, म्हणजे आधी थोडा आणि मग पुरता गेला, तर ताराच जोडतारा असण्याची शक्यता मोठी.

तालीम करा. हे सांगून कंटाळा आलाय, पण सांगतोच, कारण चुकलेली पिधानं मी जास्त पाहिलीत ती याच पायी. तारा तोच राहतो. रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतो. तेव्हा दोन-तीन रात्री आधी त्याच सुमारास दुर्बीण लावा, तारा शोधा, नकाशाशी ताडून बघा, अर्धा तास पूर्ण नोंद करा. १४ व्या प्रतीच्या आसपास ताऱ्यांची गर्दी असते आणि शेजारचाच तारा टिपून घरी येणारे महाभाग असतात. मीही त्यांतला एक होतो. तालमीत आणखी एक गोष्ट उघडी पडते: तारा नेमक्या त्या वेळी मध्यमंडल (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडत असला, तर जर्मन माउंट, म्हणजे दुर्बिणीचा त्या प्रकारचा आधार, आपणहून पलटी मारतो. पिधानाच्या ऐन मिनिटाला दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या टोकाकडे वळताना बघणं हा अनुभव कुणी घेऊ नये. आपोआप पलटी, आपोआप फोकस, डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण किंचित हलवणं), संगणकाची झोप आणि अपडेट, सगळं बंद. दव पडणार असेल तर हीटर आधीपासून चालू.

प्रत्यक्ष रात्री नोंद किती वेळ करायची? भाकित वेळेच्या आधी दहा आणि नंतर दहा मिनिटं, निदान. एवढं कशाला हे तुम्ही विचाराल. १० मार्च १९७७ ला जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी कायपर या उडत्या वेधशाळेतून युरेनसचं पिधान बघत होते. भाकीत पक्कं नव्हतं म्हणून त्यांनी नोंद बरीच आधी सुरू केली होती. युरेनस ताऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तारा काही वेळा क्षणभर मंदावला, आणि पलीकडच्या बाजूलाही तेच झालं. ती युरेनसची कडी होती. जून २०१३ मध्ये चॅरिक्लो या अडीचशे किलोमीटरच्या सेंटॉरनं (गुरू आणि नेपच्यून यांच्या मधल्या भागातल्या पिंडानं) तारा झाकला तेव्हा दक्षिण अमेरिकेत काही ठिकाणी मुख्य पिंडाची सावली लागलीच नाही, तरी नोंदीत बारीक खळगे, म्हणजे ताऱ्याच्या तेजात क्षणभराची घट, सापडले. तीही कडी निघाली, दोन. जानेवारी २०१७ मध्ये हौमेआ या नेपच्यूनपलीकडच्या बटुग्रहाभोवती एक कडं सापडलं. तिथल्याच क्वावार या पिंडाभोवतीचं कडं २०२३ मध्ये जाहीर झालं. ते त्याच्या केंद्रापासून ४,१०० किलोमीटरवर आहे, जिथे आपल्या समजुतीनुसार कड्यातल्या मालाचा एव्हाना चंद्र व्हायला हवा होता. त्या शोधात ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या. आता हिशेब करा: २४ किलोमीटरच्या वेगानं ४,१०० किलोमीटर पार करायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. पिधान संपलं म्हणून एका मिनिटात नोंद थांबवणाऱ्याच्या फाइलमध्ये ते कडं कधीच येणार नाही. दहा मिनिटांत तुम्ही केंद्रापासून १४,४०० किलोमीटरपर्यंतची जागा चाळून काढता. आठ इंचीत फिकट कडं पकडणं अवघड आहे हे खरं, पण अनोळखी चंद्र ताऱ्यावरून गेला तर तो पूर्ण खळगा देतो.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, एकट्याच्या नोंदीचा उपयोग काय. तारा झाकला गेला तर तुम्ही पिंडाच्या आकृतीवर एक जीवा काढता, शाळेच्या भूमितीतलीच. एका जीवेवरून आकार ठरत नाही. पिंड निदान एवढा लांब आहे एवढंच ठरतं. पिंडाची कड लंबवर्तुळ मानली तर पाच गोष्टी शोधायच्या असतात: केंद्राचे दोन निर्देशांक, लांबी, चपटेपणा आणि कल. एक जीवा दोन टोकं देते. म्हणून नीट विखुरलेल्या तीन जीवा तरी लागतात. गोल मानायला आधार असेल तर कमीतही भागतं: ६ नोव्हेंबर २०१० ला एरिस हा बटुग्रह जवळजवळ ९६ एककांवर होता, त्याची सावली चिलीतल्या दोनच ठिकाणी पकडली गेली, आणि त्यावरून व्यास निघाला २,३२६ किलोमीटर, अधिकउणे १२. प्लूटोपेक्षा मोठा समजला गेलेला एरिस आकारानं किंचित लहान असावा ही शंका तिथे बळावली. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानानं प्लूटो जवळून मोजल्यावर ती खरी ठरली.

पण एकट्या जीवेचा मोठा फायदा वेगळाच आहे. त्या क्षणी पिंड नेमका कुठे होता हे तुम्ही विकलेच्या काही हजारांश भागांपर्यंत सांगता. आज ५०० किलोमीटर असलेली अनिश्चितता पुढच्या पिधानाला शंभर किलोमीटरच्या आत येऊ शकते, आणि मग पुढच्या वेळी लोकांना पट्ट्याच्या आडवं, ठरावीक अंतरावर ओळीनं बसवता येतं. तुम्हाला आणखी दोन-तीन निरीक्षक जमवता आले तर त्यांनाही असंच पसरवा: सावली ज्या दिशेनं धावते तिच्या काटकोनात, शंभर-दीडशे किलोमीटरच्या अंतरानं. एकाच मैदानात चार दुर्बिणी लावल्या तर चौघांना मिळून एकच जीवा मिळते. गप्पा तेवढ्या रंगतात.

आणि तारा झाकलाच गेला नाही तर? २९ टक्के शक्यतेत हेच होण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा मनाची तयारी ठेवा. ३ जून २०१७ ला न्यू होरायझन्सच्या पुढच्या लक्ष्यासाठी, ज्याला पुढे ॲरोकॉथ नाव मिळालं, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत फिरत्या दुर्बिणींची रांग लावली होती. पिंडाची सावली एकाही दुर्बिणीला लागली नाही. त्या कोऱ्या नोंदींतूनही कळलं की पिंड वाटला होता त्यापेक्षा लहान असावा. १७ जुलैला पुन्हा अर्जेंटिनात, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, सोसाट्याच्या वाऱ्यात ट्रक आडवे लावून दुर्बिणी उभ्या केल्या, आणि पाच दुर्बिणींनी जेमतेम सेकंदभराचं पिधान पकडलं. पिंड लांबट किंवा जोडगोळी असावा असं त्यातून दिसलं. १ जानेवारी २०१९ ला यान जवळून गेलं, तेव्हा दोन चिकटलेले गोळे समोर आले.

मात्र कोरी नोंद पाठवताना शब्द जपून वापरा. "तारा पूर्ण वेळ दिसत होता" आणि "काही दिसलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पिंडाची कड तुमच्यापर्यंत पोचली नाही हे ठरतं, दुसऱ्यात काहीच ठरत नाही. ढग आले असतील तर कितीपासून कितीपर्यंत, ते लिहा. मधे फ्रेम गळल्या असतील तर त्याही लिहा.

नंतरचं काम घरात बसून करायचं आहे. टांग्रा किंवा पायमूव्ही या सॉफ्टवेअरपैकी एकानं ताऱ्याची आणि शेजाऱ्यांची तेजस्विता फ्रेमगणिक मोजा आणि आलेख काढा. खळगा दिसला तर पायओटे हे सॉफ्टवेअर दोन्ही कडांच्या वेळा चुकीच्या मर्यादेसह काढून देतं. तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जीपीएसवरून घ्या. रेखांशात एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर तीसेक मीटर, त्यानं काही बिघडत नाही, पण जवळच्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकून देऊ नका. अहवाल इंटरनॅशनल ऑकल्टेशन टायमिंग असोसिएशनच्या नमुन्यात भरून पाठवा, आणि मूळ फाइल पुसू नका. तुमच्या आलेखात तुम्हाला न दिसलेला एखादा बारीक खळगा दुसऱ्या कुणाच्या नोंदीत त्याच अंतरावर सापडला, तर ती फाइल पुन्हा मागितली जाते.

आज रात्री आकाश मोकळं असेल तर पहिली तालीम करून टाका. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि त्या अर्ध्या तासाच्या नोंदीतल्या चार-पाच सलग फ्रेमच्या वेळा कळवा. दोन फ्रेममधलं अंतर एकसारखं येतंय का हे त्यावरून लगेच बघता येईल, आणि एलईडी लागणार की नाही तेही ठरेल.